दाऊदला ओलांडून गेलेला प्याला

उशीखाली छातीचा फोटो ठेवून क्षयाच्या वॉर्डात पडलेल्या माणसासाठी मी हे लिहितो आहे. एक्स-रेला आमच्या धुळ्यात सगळे फोटोच म्हणतात. गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, एवढंच सांगायचं असतं तर चार ओळी पुरल्या असत्या, आणि ते डॉक्टर माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. मला माझ्या आजाराबद्दल सांगायचं आहे, आणि त्या आजारापायी मी एका निर्दोष माणसाला दोषी ठरवलं, त्याबद्दल. तो माणूस माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. दाऊद त्याचं नाव. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या नोंदवहीत त्याच्याविरुद्ध पाच ओळी आहेत. त्या माझ्या हातच्या आहेत.

जळगाव

मी जिनात फिटर होतो. सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं दुरुस्त करायचो. दिवाळी झाली की हंगाम सुरू व्हायचा आणि नाकातोंडात रुईचा कचरा जायचा. जिनातला माणूस खोकणारच, म्हणून माझ्या खोकल्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, मीही दिलं नाही. शहाऐंशीच्या हंगामात मात्र संध्याकाळी अंग तापायला लागलं आणि सकाळी सदरा घामाने ओला सापडायला लागला.

धुळ्यात मला सगळे ओळखत होते, म्हणून मी यंत्राचा पट्टा आणायच्या निमित्ताने जळगावला गेलो. डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या बाजूला वर एक पांढरट ढग होता.

"घरात कुणाला आहे का हा आजार?"

"मेहुण्याला होता. फार वर्षांपूर्वी. बरा झाला तो."

"मग तुम्हीही व्हाल. पण औषध सोडायचं नाही. घरच्या सगळ्यांना तपासायला घेऊन या."

मी हो म्हणालो. बाहेर येऊन रिक्षात बसलो आणि फोटो पाकिटासकट रिक्षातच सोडून दिला. तो विसरला नव्हता. मी तो सोडला होता.

वेगळं ताट

मी का लपवलं, ते सांगितलं पाहिजे.

दाऊद चोपड्याजवळच्या एका गावात राहतो. केळीचे घड कापून खांद्यावरून ट्रकपर्यंत वाहायचं काम त्याने आयुष्यभर केलं. तरुणपणी त्याला क्षय झाला. दीड वर्ष औषध घेऊन तो पूर्ण बरा झाला. डॉक्टरांचा कागद होता त्याच्याकडे, घडी घालून खिशात ठेवायचा. तरी तो आमच्याकडे आला की मी त्याचं जेवण वेगळ्या ताटात वाढायला लावत असे. एक जर्मनचं ताट होतं आणि एक पेला. दोन्ही मागच्या दारी खिळ्याला टांगलेले असायचे. मार्था, माझी बायको, ते ताट घासताना माझ्याकडे बघायची नाही. दाऊद मात्र हसायचा. "दाजी, माझं ताट बरं आहे. कुणी पळवत नाही."

जळगावहून परत आलो त्या संध्याकाळी मी मागच्या दारी हात धुवायला गेलो आणि ते ताट दिसलं. मला त्यात जेवायचं नव्हतं, एवढंच कारण होतं. नोकरीची भीती वगैरे मी नंतर शोधून काढली.

दुसरं एक कारण होतं. मी आमच्या मंडळीचा वडील होतो, म्हणजे मंडळीने निवडलेला जबाबदार माणूस, आणि कार्यवाहही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. आमच्याकडे एकच प्याला फिरतो. सतरंजीवर लोक रांगेने बसतात, वडील वाकून प्रत्येकाच्या ओठाला प्याला लावतो, पांढऱ्या फडक्याने कड पुसतो आणि पुढच्याकडे जातो. ते काम माझं होतं, आणि ते मला सोडायचं नव्हतं. उरलेला द्राक्षरस शेवटी मी प्यायचो, म्हणजे माझं उष्टं कुणाला लागत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. हा आजार उष्ट्यातून नव्हे, खोकल्यातून पसरतो, हे मला पुढे वॉर्डात कळलं. मी त्या रांगेवर वाकून किती वेळा खोकलो होतो, ते मला आठवत नाही. मंडळीत आणखी कुणाला झाला का, हे मी आजपर्यंत कुणाला विचारलेलं नाही.

पान्यांची पेटी

गोळ्या मी पान्यांच्या पेटीत तळाशी ठेवल्या. त्यातल्या लाल कॅप्सूलमुळे लघवी केशरी होते. घरी कुणाला दिसू नये म्हणून मी सकाळी उठल्या उठल्या जिनात जायचो. मार्थाला वाटायचं, काय कामसू नवरा आहे.

अडीच महिन्यांत खोकला थांबला, ताप गेला, वजन वाढलं. मी देवाचे आभार मानले आणि गोळ्या बंद केल्या. ज्याने दीड वर्ष खाल्ल्या तो दाऊद अशक्त होता, माझं शरीर लोखंडाचं, असंही मनात आलं. उरलेली पाकिटं फेकायचीही लाज वाटली, कुणी पाहिलं तर? ती पेटीतच राहिली.

उन्हाळ्यात दाऊद आमच्याकडे महिनाभर राहिला. हापशाचा दांडा सैल झाला म्हणून त्याने माझी पेटी उघडली. संध्याकाळी मी पाहिलं तर पाने ओळीने लावलेले, आणि पाकिटं एका स्वच्छ चिंधीत गुंडाळून पुन्हा तळाशी ठेवलेली. मी चिंधी कधीच वापरली नव्हती. जेवताना तो त्याच्या ताटात आणि मी माझ्या ताटात असे समोरासमोर बसलो. तो एवढंच म्हणाला, "दाजी, हापसा झाला. तुमचं सामान जागच्या जागी ठेवलंय."

मी भाकरी मोडत राहिलो.

तयारीची सभा

पावसाळ्यात मार्था खोकायला लागली. ती बालवाडीत शिकवायची. मुलांच्या संगतीत सर्दीखोकला होतो, असं म्हणत दोन महिने गेले. मग थुंकी तपासली. तिला सरकारी दवाखान्यात दाखल केलं आणि रोजची इंजेक्शनं सुरू झाली. दाऊद काम सोडून बहिणीसाठी आला.

प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी आमच्याकडे तयारीची सभा असते. ज्याच्या मनात कुणाविषयी काही असेल त्याने ते बोलायचं, समेट करायचा आणि मगच दुसऱ्या दिवशी प्याल्याला ओठ लावायचा. भांडलेल्या जावा तिथे रडताना मी पाहिल्या आहेत. चांगली रीत आहे. त्या शनिवारी आम्ही ती बिघडवली.

एका म्हाताऱ्या बाईने सुरुवात केली. "मार्थासारख्या लेकराला हा रोग कुठून लागला, ते विचारा ना कुणी."

सगळ्यांनी दाऊदकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी, आमच्या धर्मगुरूंनी, विचारलं, "दाऊद, तुला पूर्वी होता ना?"

"होता. बरा झालो. कागद आहे."

"उन्हाळ्यात इथे राहायला आलास, तेव्हा खोकला होता?"

"थोडा होता. केळीच्या चिकाचा, धुळीचा."

"तपासलं होतंस?"

"नाही."

मग पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "फिटर, तुम्हाला ह्याने खोकल्याचं सांगितलं होतं का? तुम्ही घरातले."

मी मान हलवली. नाही. त्याशिवाय मी काहीच केलं नाही. एक शब्दही बोललो नाही. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी खोटं बोललो नाही, कारण मी बोललोच नाही.

दाऊद माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता तो पेटीचं सांगणार. तो म्हणाला, "माझ्यामुळे अक्काला त्रास झाला असेल, तर प्रभू मला क्षमा करो." आणि खाली बसला.

आजार लपवून बहिणीच्या घरात आणल्याबद्दल त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवावं, असं ठरलं. खरं तर लोकांना त्याच्या ओठांची भीती वाटत होती, शिस्तीचं नाव आम्ही तिला दिलं. कार्यवाह म्हणून नोंद मी लिहिली. तिची एक प्रत चोपड्याच्या मंडळीला गेली, तीही मीच लिहिली.

दुसऱ्या दिवशी तो आला. आला नसता तर बरं झालं असतं. तो रांगेत बसला, मधोमध. मी प्याला घेऊन येत होतो. त्याच्या अलीकडच्या माणसाच्या ओठाला लावला, कड पुसली आणि एक पाऊल जास्त टाकून पलीकडच्याकडे गेलो. त्याने मान वर केली नाही. त्याच्या खांद्यावर केळीचे घड वाहून पडलेला काळा घट्टा होता, सदऱ्याच्या गळ्यातून तो मला दिसला. डोळे मिटले की अजून दिसतो.

कान

मार्था बरी होत होती. एक दिवस म्हणाली, "कानात शिट्टी वाजते आहे. बाहेर कुकर लागलाय का?" वॉर्डात कुकर कुठला? त्या इंजेक्शनाने काहींच्या कानावर परिणाम होतो, डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते लगेच थांबवलं. शिट्टीही थांबली, आणि तिच्याबरोबर बाकीचं सगळं थांबलं.

मंडळीत गीत सुरू करायचं ते मार्थाने. पेटी वाजवणारा तिच्याकडे बघून सूर धरायचा. घरी आल्यावर तिने एकदा गाऊन पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे बघत. माझा चेहरा मला सांभाळता आला नाही. ती मध्येच थांबली आणि पुन्हा कधी गायली नाही. बालवाडीही सुटली. तिथली एक पाटी घरात होती, ती आमच्या बोलण्याची झाली. ती तोंडाने बोलायची, मी पाटीवर लिहायचो.

दाऊद भेटायला आला तेव्हा तिने दारातच विचारलं, खूप मोठ्याने, कारण स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता. "तुले परत व्हयनं, अन् तू माले सांगं नही?" त्याने काही उत्तर दिलं असतं तरी तिला ऐकू आलं नसतं. तो पाटी मागू शकला असता. पाटी माझ्या हातात होती. मी दिली नाही, त्याने मागितली नाही. त्यानंतर तो दोन वर्षं आला नाही.

डॉक्टरांचा प्रश्न

मग मला रक्ताची उलटी झाली. जिनात, यंत्राशेजारी, पांढऱ्या रुईच्या ढिगावर.

तोच दवाखाना. पुरुषांच्या वॉर्डात दाराजवळची खाट. डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी कधी औषध घेतलं होतं? खरं सांगा. त्यावर पुढचं औषध ठरतं."

मार्था माझ्या उशाशी उभी होती, हातात पाटी घेऊन.

मी सगळं सांगितलं. मोठ्याने, स्पष्ट. जळगाव, अडीच महिने, बंद केलेल्या गोळ्या, बायकोला नंतर झालेला आजार. शेजारच्या खाटांवरच्या लोकांनीही ऐकलं. जिला ऐकायला हवं होतं, ती दोन हातांच्या अंतरावर उभी राहून आमच्या ओठांकडे पाहत होती. बोलताना मला बरं वाटत होतं. ही गोष्ट लिहायला मला सगळ्यात जड गेली.

"काय म्हणतात डॉक्टर?" तिने पाटी पुढे केली.

मी लिहिलं: 'उशीर झाला म्हणतात. बरा होईन.'

डॉक्टरांनी ते वाचलं. माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मलाही तीच इंजेक्शनं सुरू झाली. रोज सकाळी सिस्टर सुई टोचून गेली की मी डोळे मिटून शिट्टीची वाट बघायचो. ती वाजावी, असं मी मागत होतो. वाजली नाही. माझे कान शाबूत राहिले. आजही अंगणात चिमणी उतरलेली मला कळते.

कळण्याची भाकरी

वॉर्डात नातेवाइकाला हाक मारून बोलावतात. गोळ्या घ्या, थुंकीची डबी न्या, रक्त तपासायला चला. मार्थाला हाका ऐकू येत नसत आणि नवीन नर्स मुली तिच्यावर ओरडत. चौथ्या दिवशी अशीच हाक आली, आणि दाराकडून उत्तर आलं, "आलो, सिस्टर." दाऊद होता. कुणी कळवलं, ते त्याने सांगितलं नाही.

मार्थाने त्याला पाहिलं, पदर तोंडावर ओढला आणि बाहेर निघून गेली. भावाला ओलांडून, एक पाऊल जास्त टाकून. मी तसंच केलं होतं.

दाऊदने डबा उघडला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, आणि ठेचा. ताट नव्हतं. त्याने झाकणात भाकरी कुस्करली, माझ्यापुढे धरली आणि त्याच झाकणातून स्वतः एक घास घेतला.

"तुला कळलं होतं," मी म्हणालो.

"दीड वरीस त्याच पांढऱ्या गोळ्या खाल्ल्या मी, दाजी. ओळखू येणार नाहीत का?"

"मग सभेत बोलला का नाहीस?"

त्याने आणखी एक तुकडा कुस्करला. "अक्का दवाखान्यात पडलेली. घरी जायचं तर तुमच्याच घरी जाणार ना ती. मला वाटलं, तुम्हीच सांगाल. आज नाही तर पुढच्या शनिवारी." मग हसला. "शनिवार लई झाले."

मार्था परत आल्यावर मी पाटी मागितली. पाटी लहान, म्हणून मला दोनदा पुसून लिहावं लागलं. पहिल्यांदा: 'आजार मी आणला. तुझ्याआधी मला होता. औषध सोडलं. लपवलं.' दुसऱ्यांदा: 'दाऊदला माहीत होतं. त्याने तुझ्यासाठी ऐकून घेतलं.' तिसऱ्यांदा: 'डॉक्टरांना मी हे तुझ्यासमोर सांगितलं. तुला ऐकू येत नाही म्हणून सांगू शकलो.'

तिसरं तिने पुसू दिलं नाही. पाटी छातीशी धरून ती वॉर्डाबाहेर गेली, दाऊद मागोमाग गेला. खिडकीतून मला दोघं लिंबाखाली बसलेले दिसत होते. ती त्याच्या खांद्यावरच्या घट्ट्यावर हात फिरवत होती.

रंग

संध्याकाळी ती आली आणि म्हणाली, "प्रभूपुढे मी क्षमा केली. ती मागे घेणार नाही. पण तुमच्यावर भरोसा मला आता ठेवता येत नाही. ते वेगळं आहे. ते माझ्या हातात नाही."

घरी आल्यावर औषध आणखी बरेच महिने चालायचं होतं. लाल कॅप्सूल त्यातही होती. पहिल्या सकाळी मी मोरीकडे निघालो तर ती बाटली घेऊन उभी. "माले देखू द्या," म्हणाली. पूर्वी जो रंग मी जगापासून लपवला, तो आता रोज बायकोला दाखवायचा होता. ती बाटली उजेडात धरायची, मान हलवायची आणि चहा ठेवायची. टोमणा कधी मारला नाही. मारला असता तर सोपं गेलं असतं.

ईस्टरनंतर एका सकाळी ती उभी नव्हती. चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "जा, मी चहा टाकते." मी मोरीत उभा राहून रडलो. भरोसा परत आला, असं मला वाटलं.

नोंदवही

मी बरा झालो. वडीलपण मी सोडलं, पण तब्येतीच्या कारणाने, असं लिहून. दाऊद म्हणाला, जाऊ द्या दाजी. मार्थाने मला कधीच सांगितलं नाही की सभेत उभे राहा. ती वाट बघत होती, हे मला कळत होतं, आणि दहा वर्षं मी ते कळत नसल्यासारखा राहिलो. दाऊद आता येतो, आमच्याच ताटात जेवतो. फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी तो आमच्याकडे मुक्काम करत नाही.

मागच्या महिन्यात नवे पाळक जुनी नोंदवही उतरवून घेत होते. शाई फिकी झाली म्हणून मला बोलावलं. त्या पाच ओळी मीच त्यांना वाचून दाखवल्या.

"हा दाऊद कोण?"

"माझा मेहुणा."

"सख्ख्या बहिणीशी असं वागला? वाईट आहे हो," तरुण पाळक म्हणाले, आणि पाच ओळी नव्या वहीत सुबक अक्षरात लिहून घेतल्या.

घरी येऊन मी हे लिहायला बसलो. वॉर्डातल्या माणसाच्या हाती जाण्याआधी हे येत्या शनिवारच्या तयारीच्या सभेत वाचायचं ठरलं आहे. दाऊदला कळवलं आहे. तो रविवारी थांबतो म्हणाला.

मला एका दमात चार वाक्यं वाचता येत नाहीत. मी मार्थाला लिहून विचारलं, कुणाकडून वाचून घेऊ? ती म्हणाली, "मी वाचते."

मंडळीने तिचा आवाज तेरा-चौदा वर्षांत ऐकलेला नाही. तो आता मोठा आणि सपाट झाला आहे. तिला ते ठाऊक आहे.

कागद तिने एकेक करून वाचले. ईस्टरच्या ओळीवर बोट ठेवून थांबली. "हाई खोटं शे," म्हणाली. "मी देखत व्हते. तुम्ही बाहेर आले की मोरीत जाऊन देखत व्हते. शेवटना दिन लगून."

मी पाटीवर लिहिलं: 'शेवटच्या दिवसानंतर?'

"त्यानंतर औषधच नव्हतं. काय देखणार?" ती म्हणाली. "हे बी लिखा."

लिहिलं आहे. ईस्टरची ओळ मी खोडली नाही. मला तेव्हा तसं वाटलं होतं, ते खरं आहे. ती बघत होती, तेही खरं आहे.

मी तिला लिहून सांगितलं, शेवटचं एक पान बाकी आहे, थांब, ते वाचून मग सगळे एकत्र ठेव. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाटली उजेडात धरून पाहायची तसं, बराच वेळ. मग वाचलेले कागद घडी करून बायबलमध्ये ठेवले आणि उठली.

"लिखा तुम्ही. ते मी तिथेच वाचेन."

ते पान हे. शनिवारी ती हे आधी न वाचता सगळ्यांसमोर वाचणार आहे. म्हणून ह्यात तिला ठाऊक नाही असं मी काहीच लिहिलेलं नाही.